भुरी आता रांजणापाशीच बसते

पत्र: डॉक्टर, सप्रेम नमस्कार. आमच्या घरी भुरी नावाची मांजर आहे. सोळा वर्षांपूर्वी कडब्याच्या गंजीत तिच्या आईनं तीन पिल्लं घातली, त्यातली ही एकच राहिली. दिवाळीपासून ती वाळत चालली आहे. दिवसभर रांजणापाशी बसते, खाली झिरपलेलं पाणी चाटते. मधूनच पांढरा फेस ओकते. आठ दिवसांपासून दुधाची साय तेवढी चाटते, भाकरीकडे बघत नाही. रात्री धान्याच्या बळदामागच्या सांदीत जाऊन बसते. मुलगा पुण्याहून व्हिडिओ कॉलवर बघतो आणि म्हणतो, "आई, इंजेक्शन देऊन टाक, हाल करू नको." सासूबाई म्हणतात, "मांजर मारली तर काशीला जाऊन सोन्याची मांजर वाहावी लागते. माझ्या घरात हे पाप नको." आमचे मालक म्हणतात, "मांजर मरायच्या वेळी आपणहून घर सोडून जाते, तू कशाला जीव टांगणीला लावतीस?" घर माळकरी आहे. मला एवढंच सांगा, तिचा शेवट जवळ आलाय हे मी कशावरून ओळखू? आणखी एक, ती सासूबाईंच्या वाकळीवर मुतायला लागली आहे. त्याचं काय करू?
– एक वाचक, परतूर तालुका, जि. जालना

ताई, नमस्कार.

सोळा वर्षांची मांजर म्हणजे आपल्या हिशोबात ऐंशीच्या घरातली म्हातारी. तेव्हा तुमची शंका अवेळी नाही. पण शेवट कसा ओळखायचा ते सांगण्याआधी माझी एक जुनी फजिती सांगतो, कारण तुमच्याकडेही तेच होऊ घातलंय असा मला संशय आहे.

नोकरीची सुरुवातीची वर्षं. तालुक्याचा दवाखाना, समोर लिंबाचं झाड, खोड्यात एखादा बैल नाहीतर म्हैस. मांजर घेऊन कुणी येत नसे. एक दिवस एक गुरुजी पिशवीत म्हातारा बोका घालून आले. म्हणाले, "आठ दिवस झाले, यानं अन्न सोडलंय." मी बोक्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि त्याचं तोंड उघडून न बघताच म्हणालो, "वय झालंय गुरुजी. जाऊ द्या आता त्याला शांतपणे." गुरुजी काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी तीच पिशवी घेऊन परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात गेले. तिथं कुणीतरी तोंड उघडून बघितलं, तर मागची दाढ सडलेली, हिरडीत पू. दाढ काढली. बोका पुढं अडीच वर्षं जगला, आणि ती अडीच वर्षं गुरुजी बाजारात भेटले की आधी बोक्याची खुशाली सांगायचे, मग माझी विचारायचे.

"अन्न सोडलं" हा शब्द आपल्याकडं फार वजनाचा आहे. घरातल्या म्हातारीनं शेवटी अन्नपाणी सोडलं असं आपण म्हणतो, तेव्हा त्यात तिची इच्छा आणि आपला आदर दोन्ही असतात. मांजराच्या बाबतीत मात्र हा शब्द घात करतो. मांजर काही व्रत धरत नाही. तिला मळमळत असतं, तोंडात जखम असते, नाहीतर रक्तात साठलेल्या घाणीनं अन्नावरची वासनाच उडालेली असते. भुरी ताटलीपाशी येते कशी आणि जाते कशी ते बघा. ताटलीकडं ढुंकूनही न बघणं वेगळं. येऊन, हुंगून, ओठ चाटत मागं फिरणं वेगळं. दुसऱ्या तऱ्हेत पोट मागतंय, पण काहीतरी आडवं येतंय, आणि त्या आडव्या येणाऱ्यावर बऱ्याचदा औषध असतं.

तुमच्या पत्रात मला खटकलं ते रांजणाचं पाणी. मांजर हा मुळात कमी पाणी पिणारा प्राणी. ती सारखी पाण्यापाशी बसायला लागली, की म्हाताऱ्या मांजरात पहिला संशय किडनीचा, दुसरा साखरेचा. फेस ओकणं, वाळणं, वाकळ ओली करणं, हे सगळं त्याच माळेत बसतं. तिच्या तोंडाला गोठ्यातल्या मुतासारखा उग्र वास येतो का, ते एकदा बघा. येत असेल तर किडनीचा संशय आणखी पक्का. पत्रावरून रोग ठरवता येत नाही. पण माझ्या ओसरीवर तुम्ही भुरीला आणलं असतं, तर मी सगळ्यात आधी तोंड उघडून बघितलं असतं (एवढं शिकलोय) आणि मग रक्त तपासायला पाठवलं असतं. क्रिएटिनिन आणि युरिया (या दोन आकड्यांवरून किडनी कशी चालते ते कळतं), साखर, आणि जमलं तर थायरॉइड. थायरॉइड अशासाठी, की काही म्हाताऱ्या मांजरी भरपूर खाऊनही खंगत जातात, घरभर कावऱ्याबावऱ्या फिरतात, रात्री ओरडतात. घरचे म्हणतात म्हातारचळ लागला. त्याला रोजची गोळी असते आणि ती चांगली लागू पडते.

क्रिएटिनिनचं एक ध्यानात ठेवा. किडनीचं जवळपास तीन-चतुर्थांश काम बंद पडेपर्यंत हा आकडा फारसा वाढत नाही. म्हणजे रिपोर्टमध्ये दिसेस्तोवर बरंच गेलेलं असतं, आणि गेलेलं परत येत नाही. पण उरलेल्या चौथाईवर मांजर किती दिवस काढेल, हे आपण तिला काय देतो त्यावर थोडंफार असतं. मळमळ थांबवायची औषधं आहेत, भूक वाढवायची आहेत, आणि मानेमागच्या सैल कातडीखाली सलाईन देता येतं. हे सलाईन शिरेतून द्यायचं नसल्यामुळं घरी देता येतं. डॉक्टरनं एकदा हाताला हात लावून दाखवलं की जमतं. काही मांजरी यावर काही महिने बऱ्या राहतात, काही चार दिवसही नाही. भुरी यातली कोणती, हे सलाईन दिल्यावर तीन-चार दिवसांत तीच सांगेल. डोळ्यांत तेज आलं, दोन घास खाल्ले, अंग चाटायला बसली, तर वेळ आहे. काहीच हाललं नाही, तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं मिळालं असं समजा.

आता तुमच्या माळकरी घराबद्दल. सासूबाईंचा मान राखून लिहितो. दूध-भाकरीवर मांजर जगते असं आपल्याला वाटतं, पण मांजर मांसाहारीच. तुमची भुरी सोळा वर्षं जगली ती बळदातल्या ज्वारीवर येणाऱ्या उंदरांवर. भाकरी हा तिचा वरचा खाऊ होता. आता गुडघे धरलेत, नजर मंदावली असेल, उंदीर सापडत नाही. म्हणजे खुराक तुटला आणि आपल्याला पत्ता नाही, कारण ताटलीत आपण रोज तेवढंच घालतोय. वाळण्यातला काही भाग याचाही असू शकतो. घरात शिजवायला नको. बाहेरून बिनमिठाचं, कांदा-लसूण न घातलेलं कोंबडीचं उकडलेलं पाणी नि चिंध्या आणवा, नाहीतर मांजराच्या ओल्या खाद्याचं पाकीट, आणि अंगणात एका कोपऱ्यात द्या. कांदा-लसूण मांजराला विषच, त्यात सवलत नाही. द्यायच्या आधी अंगाइतकं कोमट करा. मांजर आधी नाकानं जेवते. थंड अन्नाला वास नसतो.

आणि आठ दिवस फक्त सायीवर हे फार झालं. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही, तर मांजराच्या यकृतात चरबी साठायला लागते आणि मूळ आजार बाजूला राहून तेच जिवावर उठतं. म्हणून पुढच्या सोमवारी बघू असं करू नका.

कुठं जायचं? तालुक्याच्या दवाखान्यात आधी फोन करा. १९६२ हा टोल-फ्री नंबर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी आहे, पण ती गाडी मुख्यतः गुराढोरांची, मांजराच्या रक्ततपासणीची आशा तिच्याकडून धरू नका. परभणीचं महाविद्यालय तुमच्याच रेल्वेमार्गावर आहे. छत्रपती संभाजीनगरला लहान प्राण्यांचे खासगी दवाखाने आहेत. पिशवीत नेऊ नका, गुदमरते. टोमॅटोची दोन कॅरेट एकमेकांवर पालथी घालून सुतळीनं बांधा, आत तिच्या वासाचं जुनं फडकं टाका, वरून ओला पंचा. मार्च उजाडला की दुपारचा प्रवास टाळा. किडनीच्या मांजराच्या अंगात पाणी मुळातच कमी असतं, त्यात आपलं ऊन.

एवढं सगळं करून झालं, डॉक्टर म्हणाले की आता हाती फार नाही, तर मग तुमचा खरा प्रश्न सुरू होतो.

मांजर दुखणं दाखवत नाही. कुत्रं विव्हळतं, म्हैस दावणीला पाय आपटते. मांजर मात्र गप्प बसते. पायांची घडी पोटाखाली, पाठ कमानीसारखी, तोंड भिंतीकडं. झोपल्यासारखी दिसते पण झोपलेली नसते. २०१९ साली कॅनडातल्या मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या लोकांनी मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची पट्टी तयार केली. कान, डोळे, तोंडाचा फुगवटा, मिशा आणि डोकं, अशा पाच जागा. प्रत्येकीला शून्य ते दोन गुण. दहापैकी चार किंवा त्याहून जास्त झाले, की वेदनेचं औषध द्यायचा विचार करायचा. घरी आकडेमोड नको, पण बघायचं काय ते सोपं आहे. कान बाजूला वळून चपटे झालेत, डोळे बारीक करून धरलेत, मिशा ताठ पुढं आल्यात, डोकं खांद्यांच्या खाली गेलंय. हे सगळं एकदम दिसलं तर ती झोपलेली नाही, सोसतेय.

आणि घुरघुर. लोक म्हणतात, "मांडीवर घेतलं की घुरघुरते, म्हणजे बरी आहे." मांजर सुखात घुरघुरते तशी दुखण्यातही घुरघुरते, अगदी शेवटच्या दिवशीही. त्यावर जाऊ नका.

ती काय करते यापेक्षा तिनं काय काय सोडलं ते लिहून काढा. माझ्या बायकोची चिमी होती, अठरा वर्षांची. ती सकाळी दूध तापलं की ओट्याखाली यायची, दहाच्या उन्हात पायरीवर लोळायची, दुपारी माझ्या वर्तमानपत्रावर बसायची आणि रात्री बायकोच्या पायथ्याशी झोपायची. बायकोनं या चार गोष्टी कालनिर्णयाच्या मागच्या बाजूला लिहून ठेवल्या आणि ज्या दिवशी जी केली त्या तारखेला एकेक ठिपका. आधी ऊन सुटलं, कारण पायरी चढवेना. मग वर्तमानपत्र. दूध तापलं की नुसते कान हलायचे, उठायची नाही. एका महिन्याच्या पानावर ठिपके असे विरत गेलेले दिसले, तसे मला कुठल्या रिपोर्टात दिसले नव्हते. रोज बघणाऱ्याला रोजचा फरक कळत नाही, कागदाला कळतो. तुम्हीही भुरीच्या तीन-चार सवयी अशा लिहा. रांजण त्यात धरू नका, तो आजार आहे.

अमेरिकेतल्या डॉ. ॲलिस व्हिलालोबोस यांनी २००४ साली यासाठी सात मुद्द्यांचा तक्ता केला. वेदना, भूक, अंगातलं पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला दहापैकी गुण, एकूण पस्तीसच्या वर असेल तर जगणं बरं चाललंय असं धरायचं. डॉक्टरांना तो उपयोगी पडतो. मला स्वतःला घरातल्या माणसांच्या हाती तो द्यायला आवडत नाही. माणूस मायेपोटी दोन गुण वाढवून देतो आणि मग स्वतःच त्या बेरजेवर विश्वास ठेवतो. ठिपके बरे.

अंग चाटणं मात्र वेगळं सांगतो. निरोगी मांजर जागेपणीचा बराच वेळ स्वतःला चाटण्यात घालवते. ते तिनं सोडलं की कमरेवर केसांच्या जटा होतात, अंगावर कोंडा दिसतो, ढुंगणाशी घाण राहते. कुणी मांजर घेऊन आलं की मी पाठीवरूनही उलटा हात फिरवतो. कण्याचे मणी बोटांना जपमाळेसारखे लागले आणि केस हाताबरोबर उभे राहून तसेच राहिले, तर पुढची तपासणी नुसती खातरजमा असते.

वजन आठवड्याला एकदा करा. भुरीला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभ्या राहा, मग एकट्या. वजाबाकी म्हणजे भुरी. तीन किलोच्या मांजरात तीनशे ग्रॅम घटणं म्हणजे साठ किलोच्या बाईचे सहा किलो जाणं. दुसरं, श्वास. झोपेत असताना मोबाइलच्या घड्याळावर अर्धा मिनिट छाती मोजा आणि दुप्पट करा. वर-खाली मिळून एक. मिनिटाला वीस-तीस ठीक. सारखा तिसाच्या वर राहू लागला तर डॉक्टरांना कळवा. तोंड उघडं टाकून धापा टाकत असेल तर तासाभराचाही उशीर नको.

अगदी शेवटचे एक-दोन दिवस कसे असतात तेही सांगतो, कारण ते न कळल्यामुळं लोक घाबरून नको ते करतात. पाणीसुद्धा बंद होतं. पंजे आणि कानांची टोकं थंड पडतात. मांजराचं अंग एरवी आपल्यापेक्षा गरम, १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट, ते नव्याण्णवच्या खाली उतरतं. हिरड्या फिक्या, चिकट. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, नजर आरपार. जागच्या जागी मूत होतो, तिला कळतही नाही. श्वास लांबतो, थांबतो, परत येतो. शेवटी मान ताणून दोन-चार आचके येतात. बघणाऱ्याला ते फार भयंकर वाटतं, पण तोवर बहुतेक तिची शुद्ध गेलेली असते. गेल्यावर डोळे उघडेच राहतात, मिटवले तरी मिटत नाहीत, आणि एखादा स्नायू नंतरही फडफडतो. ती परत आली असं समजून हलवू नका.

या वेळी दोन गोष्टी करू नका. तोंडात दूध, पाणी, तीर्थ ओतू नका. गिळता येत नसलेल्या जिवाच्या ते फुफ्फुसात जातं आणि ती बुडून गेल्यासारखी जाते. सासूबाईंना तुळशीचं पाणी द्यायचंच असेल, तर कापसाचा बोळा भिजवून ओठांना नुसता लावा. तेवढं पोचतं. आणि माणसाची दुखण्या-तापाची गोळी देऊ नका. पॅरासिटामॉल मांजराच्या शरीराला पचवताच येत नाही. एक गोळी जीव घ्यायला पुरते, आणि तो जीव गुदमरून, हिरड्या तपकिरी-निळ्या पडून जातो. "पाव गोळी दिली होती, माया म्हणून" असं सांगत आलेले लोक मी पाहिलेत. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकही त्याच रांगेतलं. वेदनेचं औषध मांजरासाठी वेगळं असतं, ते डॉक्टरकडून घ्या.

तुमच्या मालकांना सांगा, त्यांनी बघितलंय ते खरं, पण कारण वेगळं आहे. मांजर मरायला निघून जात नाही. अंगात ताकद नसली की ती जिथं कुत्रं, पोरं, उजेड पोचणार नाही अशी सांद शोधते, आणि पुढं तिथून परत यायचं बळ राहत नाही. म्हणून आपल्याला वाटतं ती सांगून गेली. बळदामागं बसणं त्यातलंच. तिला ओढून बाहेर काढू नका. सांदीच्या तोंडाशीच फडकं, पाणी नि ताटली ठेवा, आणि रात्री ढाळजेचं दार लावून घ्या. विहिरीच्या कपारीत चार दिवसांनी सापडण्यापेक्षा बळदामागं बरी.

मुलाचं बोलणं मनावर घेऊ नका, पण टाकूनही देऊ नका. तो दोन मिनिटांच्या कॉलवर बघतो म्हणून त्याला वाळलेलं एकदम दिसतं. तुम्ही रोज बघता म्हणून तुम्हाला दिसत नाही. दोघंही अर्धं बरोबर.

आता सोन्याची मांजर. मी शास्त्री नाही, आणि तुमच्या सासूबाईंना पापपुण्य शिकवायचं माझं वय झालं असलं तरी अधिकार नाही. मला दिसतं ते सांगतो. सासूबाईंनी बहात्तरचा दुष्काळ पाहिला असेल. मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो. आमचा म्हातारा बैल बसला तो उठेना. अंगाला जखमा पडल्या, कावळे यायला लागले. वडील चार दिवस हातात काठी घेऊन त्याच्यापाशी बसून होते, कावळे हाकलत. त्यांच्या हातून पाप झालं नाही. पण पाचव्या दिवशी सकाळी ते जे म्हणाले ते मला अजून ऐकू येतं: "सुटला एकदाचा. लई लांबवलं." कुणी लांबवलं, ते त्यांनी सांगितलं नाही. पुढं मी पशुवैद्यक शिकलो त्याला हेही एक कारण.

ते इंजेक्शन म्हणजे काय, हे सासूबाईंना कुणी नीट सांगितलेलं नसेल. आधी गुंगीचं देतात. पाच-दहा मिनिटांत ती तुमच्या मांडीवरच गाढ झोपते. मग भुलीच्या औषधाचा मोठा डोस. श्वास थांबतो आणि थोड्याच वेळात हृदय. पहिल्या सुईशिवाय तिला काही कळत नाही. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही, वाचण्यापलीकडं गेलेल्या आणि यातना सोसणाऱ्या प्राण्याला वेदनेशिवाय मरण द्यायची वाट ठेवलेली आहे. ठरवायचंच झालं तर डॉक्टरला आधी विचारा: गुंगीचं देणार का, आणि घरी येणार का. पहिल्याला "गरज नाही" असं उत्तर आलं तर दुसरा डॉक्टर बघा.

चिमीच्या वेळी आमच्या घरात मीच डॉक्टर होतो, तरी आठ दिवस उशीर केला. ठिपके संपले होते. बायको म्हणत होती, मी म्हणत होतो, उद्या बघू. ते आठ दिवस चिमीनं काढले, मी नाही. म्हणून तुम्हाला सांगतो, तपासणी झाली, सलाईन देऊन पाहिलं, आणि तरी सलग तीन-चार दिवस एकही ठिपका पडला नाही, किंवा चेहरा मघाशी सांगितला तसा सोसणारा दिसला, तर त्या दिवशी घरात बसून बोला. सासूबाईंनाही सांदीपाशी नेऊन बसवा, अर्धा तास. मग त्या म्हणतील तसं करा. त्यांनी नाहीच म्हटलं, तर निदान वेदनेचं आणि मळमळीचं औषध शेवटपर्यंत चालू ठेवा. त्याला कुठलंच पाप आडवं येत नाही. आपणहून गेली तरी ती उपाशी, तहानेली, दुखत गेली नाही, एवढं तुमच्या हातात राहतं.

पुरायची वेळ आली तर रानाच्या बांधावर, विहिरीपासून लांब, कमरेइतका खड्डा. आपल्या काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडतात, वास वर येतो आणि कुत्री उकरतात. म्हणून वर दगड आणि बाभळीची काटी टाका. इंजेक्शन दिलेलं असेल तर हे जास्तच पाळा, कारण तो देह खाणाऱ्या कुत्र्या-कोल्ह्यालाही ते औषध बाधतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, जुन्या सुती कापडात.

वाकळीचं राहिलं. रागावू नका, ती मुद्दाम करत नाही. एक तर लघवी जास्त होतेय, दुसरं, अंगणापर्यंत उंबरा ओलांडून जाणं तिला आता जड जातंय. सासूबाईंची वाकळ उचलून पेटीत ठेवा. एखादी फाटकी वाकळ चार तुकड्यांत कापा, खाली खताच्या रिकाम्या गोणीचं प्लॅस्टिक अंथरा, वर एक तुकडा. ओला झाला की दुसरा. सांदीजवळच एका पसरट, कमी काठाच्या पाटीत बारीक वाळू घालून ठेवा, ती तिथं जाईल. ओले तुकडे धुताना फिनेल अजिबात वापरू नका, फरशीलाही नको. मांजराला ते विषारी आणि ती पंजे चाटते. साध्या साबणाचं पाणी करा आणि तुकडे गच्चीवर कडक उन्हात टाका.